पहिला मणका दबल्यावर

(मागच्या महिन्यात कुपवाडला महासंघाची बैठक झाली. त्यात मी पाठीच्या मणक्यांबद्दल बोलले होते. ज्या गटांना येता आलं नाही त्यांच्यासाठी ते लिहून दे, असं अध्यक्षताईंनी सांगितलं. बोलले तसंच शक्यतो ठेवलं आहे. – क्षेत्र समन्वयक)



आज मी कर्जफेडीवर बोलणार नाही, त्यामुळं मागं बसलेल्यांनी पुढं सरकायला हरकत नाही. आज पाठीवर बोलायचं आहे. सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते.

आपल्या एका गटातल्या मावशी सलग तीन बैठकांना आल्या नाहीत. वय असेल अठ्ठावन्न-एकोणसाठ. आधी कधी चुकायच्या नाहीत. आपला नियम आहे, न सांगता गैरहजर तर दहा रुपये दंड. मी रजिस्टरवर लाल पेनानं तीन वेळा लिहिलं, "गैरहजर, दंड". चौथ्या महिन्यात हप्ता राहिला म्हणून त्यांच्या घरी गेले. मावशी खाटेवर कुशीवर पडल्या होत्या, भिंतीकडं तोंड करून. सून म्हणाली, "मॅडम, आत्याबाईंनी कंबर धरलीया. उठवून बसवलं तरी वरडत्यात." मी दंड मागायला आले नाही असं म्हणायची पाळी माझ्यावर आली, आणि ते खरं नव्हतं.

मग बसून सगळं ऐकलं. मावशी बेदाण्याच्या निवडणीला जायच्या. आठ महिन्यांपूर्वी खाली वाकून बेदाण्याचा बॉक्स उचलताना पाठीत कट्‌ झालं. जवळच्या दवाखान्यात सांगितलं, चमक भरली आहे. एक सुई, पाच दिवसांच्या गोळ्या, कमरेचा पट्टा. एक्स-रे नाही. घरच्यांनी दीड-दोन महिने झोपवून ठेवलं. दुखणं कमी झालं तसं परत कामावर. आणि मग एके दिवशी एसटीत मागच्या सीटवर बसल्या होत्या, गतिरोधकावर गाडी आदळली, मावशी सीटवरून उडून परत सीटवर बसल्या. तेवढंच. पडल्या नाहीत, कुठं लागलं नाही. पण उतरताना दोघांनी धरून उतरवावं लागलं.

मिरजेला नेलं तेव्हा बाजूनं काढलेल्या एक्स-रेत दोन मणके दबलेले दिसले. एक ताजा. दुसरा जुना, त्याच जागी मुरलेला. म्हणजे ती "चमक" चमक नव्हतीच. तेव्हाच एक मणका मोडला होता. डॉक्टर घरच्यांना म्हणाले, पहिला दबला तेव्हाच हाडांचं औषध सुरू झालं असतं तर बरं झालं असतं.

त्या मधल्या आठ महिन्यांबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे.

आधी एक गोंधळ दूर करू. आपल्याकडं पाठ दुखली की प्रत्येकीच्या तोंडी एकच शब्द, "मणक्यात गॅप आहे". गॅप म्हणजे दोन मणक्यांमधली गादी झिजणं. मी बोलते आहे ते वेगळं. इथं मणक्याचं हाडच आतून पोकळ, जाळीदार होत जातं आणि एक दिवस स्वतःच्याच वजनाखाली चेपतं. हाडं अशी ठिसूळ होण्याला डॉक्टर ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. हात मोडला की हात लोंबतो, सगळ्यांना दिसतो. मणका मोडला तर बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणूनच मोडलेल्या मणक्यांपैकी निम्म्याहून जास्त कुणाच्या लक्षातच येत नाहीत. वय झालं, पाठ दुखणारच, असं म्हणून बाम लावला जातो.

आता एक दबला की दुसरा का दबतो? तुमच्या आजीच्या घरात उतरंड असायची, आठवते का? मोठ्या मडक्यावर लहान, त्यावर आणखी लहान. समजा मधल्या एका मडक्याची पुढची कड चेपली. उतरंड लगेच पडत नाही, पण पुढं कलते. मग वरच्या आणि खालच्या मडक्याच्या पुढच्या कडेवर जास्त भार येतो. पाठीच्या कण्याचं तसंच. मणका बहुतेक वेळा पुढच्या बाजूनं चेपतो, माणूस पुढं वाकतो, वाकलेलं धड सावरायला पाठीचे स्नायू सतत ताणून धरावे लागतात, आणि त्या ताणाचा दाबसुद्धा मणक्यांवरच पडतो. त्यात बाकीची मडकी त्याच कच्च्या मातीची. जी हाडं एका जागी ठिसूळ आहेत ती दुसऱ्या जागी पोलादाची नसतात.

यावर एक मोठा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की ज्या बायकांचा मणका नुकताच दबला, त्यांच्यातल्या पाचांतल्या एकीचा दुसरा मणका वर्षाच्या आत दबला. वर्षाच्या आत, ताईंनो. दहा वर्षांनी नाही. आणि ज्यांचा आधीच एखादा मणका दबलेला होता त्यांना नवा दबण्याचा धोका न दबलेल्यांच्या पाचपट होता. दोन दबले की तिसऱ्याचा आणखी वाढतो. म्हणजे दुसऱ्या मणक्याच्या धोक्याचं सगळ्यात मोठं कारण पहिला मणका हेच आहे, आणि तो ताजा असताना धोका सगळ्यात जास्त असतो. नेमकं तेव्हाच आपण "आता बरं वाटतंय" म्हणून डोक्यावर घागर घेतो.

पण सगळ्याच जणींचा दुसरा दबत नाही. मग कुणाचा दबतो? मावशींच्या शेजारी बसून मी एकेक गोष्ट विचारत गेले. बरीचशी उत्तरं आपल्या स्वतःच्या कागदांत निघाली, हे मला जास्त लागलं.

मावशींची पाळी कधी गेली, असं विचारलं. म्हणाल्या, "गेली कुठं, पिशवीच काढली की छत्तिसाव्या वर्षी." अंगावरून जायचं म्हणून. मी ऑफिसात येऊन गटाचं जुनं कर्ज रजिस्टर उघडलं. कर्जाचं कारण: पिशवीचे ऑपरेशन. पैसे आपल्याच गटानं दिले होते. पैसे दिले याबद्दल माझं काही म्हणणं नाही, गट त्यासाठीच आहे. पण पिशवीबरोबर अंडाशयही काढलं का, हे तेव्हा कुणी विचारलं नाही, आणि नंतरही कुणी विचारलं नाही. मावशींना स्वतःलाही माहीत नव्हतं. डिस्चार्ज कार्ड शोधलं तेव्हा कळलं, दोन्ही अंडाशयं काढली होती.

याचा हाडांशी काय संबंध? बाईच्या शरीरातलं इस्ट्रोजेन हे हार्मोन हाडांची झीज धरून ठेवतं. ते मुख्यतः अंडाशयात तयार होतं. साधारण तिशीपर्यंत आपली हाडं भरतात, म्हणजे पासबुकात जमा होतं. मग थोडं थोडं खर्च. पाळी गेल्यावर पहिली पाच-सात वर्षं खर्च एकदम वाढतो. पन्नाशीत पाळी गेली तर हा खर्च पन्नाशीत सुरू होतो. छत्तिसाव्या वर्षी अंडाशयं काढली तर छत्तिसाव्या वर्षी. मावशी अठ्ठावन्नच्या, पण त्यांच्या हाडांनी पाळी गेल्यानंतरची बावीस वर्षं काढली होती. नुसती पिशवी काढून अंडाशयं ठेवली तरी पाळी जाण्याची वेळ थोडी अलीकडं येऊ शकते.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गोष्ट २०१९ साली गाजली, तुम्ही ऐकली असेल. सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांच्या वर ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यात १३ हजारांच्या वर बायकांची पिशवी काढलेली निघाली. बऱ्याच जणी चाळिशीच्या आतल्या. याच बायका दर हंगामात आपल्या सांगली-साताऱ्याच्या कारखान्यांना तोडीला येतात, आपल्या उसाच्या फडात वाकून मोळ्या बांधतात आणि डोक्यावर घेऊन ट्रॉलीत चढवतात. त्यांच्या पाठीचं पुढं काय होणार आहे, यावर फारसं कुणी बोलत नाही. आणि हे फक्त बीडमध्ये घडतं असंही समजू नका. आपापल्या गटाचं कर्ज रजिस्टर उघडून बघा.

दुसरी गोष्ट, पुड्या. मावशींचे गुडघे दुखायचे म्हणून दोन वर्षं कुणाकडून तरी पुड्या आणून खात होत्या. "लय गुण आला बघ त्येनं, दोन दिवसांत गुडघा मोकळा." अशा नाव-गाव नसलेल्या पुड्यांमध्ये पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं, प्रेडनिसोलोन नाहीतर डेक्सामेथासोन. म्हणून तर एवढा झटपट गुण येतो. भूक वाढते, तोंड गोल होतं, गाल वर येतात, आणि शेजारीण म्हणते, "तब्येत सुधारली गं." आत हाडं पोखरत असतात. स्टेरॉइड सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांतच हाडांची झीज वेगानं होते आणि मणक्यांवर तिचा मार आधी बसतो.

इथं दोन गोष्टी नीट ऐका. दम्याला, आमवाताला, आणखी काही आजारांना डॉक्टर स्वतः स्टेरॉइड देतात आणि ते गरजेचं असतं. ते बंद करायचं नाही. फक्त तीन महिन्यांपेक्षा जास्त चालणार असेल तर विचारायचं, "डॉक्टर, माझ्या हाडांसाठी काय देणार?" दुसरी गोष्ट, पुड्या बरेच दिवस खाल्ल्या असतील तर माझं भाषण ऐकून आज रात्रीपासून एकदम बंद करू नका. शरीराला सवय झालेली असते, एकदम थांबवलं तर चक्कर येऊन माणूस कोसळू शकतो. पुडी घेऊन डॉक्टरकडं जा आणि खरं सांगा. ओरडतील. ऐकून घ्या.

बाकीची कारणं भराभर सांगते. अंगानं फार बारीक असणं. आईच्या पाठीला कुबड असणं किंवा तिचा खुबा मोडलेला असणं. वय. साखरेचा आजार: यात तपासणीत हाड बरं दिसलं तरी ते मोडतं. थायरॉइडची गोळी गरजेपेक्षा जास्त डोसनं वर्षानुवर्षं चालणं. आमवात. तंबाखू, आणि हो, मिश्रीसुद्धा तंबाखूच आहे. मिश्रीचं नाव काढलं की आपल्या बैठकीत सगळ्या छताकडं बघायला लागतात. चुन्यातून कॅल्शियम मिळतं म्हणून तंबाखू-चुना चालतो, असं मला एका काकूंनी समजावून सांगितलं होतं. तंबाखू हाडांचं जे नुकसान करते ते चिमूटभर चुन्यानं भरून निघत नाही, काकू.

"हे शहरातल्या, बसून खाणाऱ्या बायकांचे आजार," असंही एकदा ऐकलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या डॉ. वीणा शत्रुघ्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कमी उत्पन्नाच्या घरांतल्या, ३० ते ६० वयाच्या बायकांची हाडं तपासली. तो अभ्यास २००५ साली आला. खुब्याजवळच्या हाडाचं मोजमाप केलं तर दहांतल्या जवळजवळ तिघींना ऑस्टिओपोरोसिस निघाला. या कष्ट करणाऱ्या बायका होत्या. कष्टानं हाड घट्ट होतं हे खरं, पण पोटात काही गेलं तर. त्यांच्या जेवणात दिवसाला ३०० मिलिग्रॅमसुद्धा कॅल्शियम नव्हतं. लागतं किती? भारतीय आहाराच्या शिफारशीप्रमाणं बाईला दिवसाला १००० मिलिग्रॅम, पाळी गेल्यावर १२००.

आपल्या जेवणाचा हिशोब करू. ज्वारीत कॅल्शियम फार कमी. तीन भाकऱ्या खाल्ल्या तरी १०० होत नाही. एक पेलाभर दुधात साधारण २४०. पण आपल्या गोठ्यातल्या म्हशीचं दूध जातं कुठं? सकाळ-संध्याकाळ डेअरीला. घरात राहतं चहापुरतं, आणि त्यातलाही मलईचा भाग नातवाला. मी दूध घालू नका असं म्हणत नाही, त्या दुधावर आपले हप्ते फिटतात. पण दोन वेळचा एक-एक पेला आधी काढून ठेवा आणि मग कॅन भरा. ताक झालं तरी चालेल, दही चालेल. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या आसपास. तीळ तर फारच भारी, चटणीत रोज दोन चमचे जाऊ द्या. शेवग्याचा पाला दारात असतो आणि आपण शेंगा तेवढ्या खातो. डाळी, अंडी यांतलं प्रोटीनही लागतं, कारण मणक्यांना धरून ठेवतात ते स्नायूच.

ड जीवनसत्त्व नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम नीट अंगी लागत नाही. ऊन आपल्याकडं रग्गड आहे, पण सकाळी आठला शेडमध्ये शिरायचं आणि संध्याकाळी सहाला बाहेर पडायचं, तर ऊन लागणार कधी? द्राक्षबागेत जाणाऱ्याही पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि तोंडाला स्कार्फ बांधून जातात. डॉक्टर आठवड्याची ६०,००० युनिटची पुडी देतात, ती सांगितले तेवढेच आठवडे घ्यायची. चांगली आहे म्हणून मनानं वर्षभर घेत राहिलं तर ती अंगावर येते.

पण माझं एक ठाम म्हणणं आहे. मणका एकदा दबला की नुसतं दूध, तीळ आणि कॅल्शियमची गोळी यांवर भागत नाही. मावशींनी पहिल्या मोडीनंतर कॅल्शियमच्या गोळ्या घेतल्याच होत्या. हाडाची झीज थांबवणारं वेगळं औषध लागतं, आणि ते सुरू न होणं हेच दुसरा मणका दबण्याचं टाळता येण्यासारखं सगळ्यात मोठं कारण आहे. १९९६ साली एक अभ्यास आला. आधीच मणका दबलेल्या बायका घेतल्या, अर्ध्यांना अॅलेन्ड्रोनेट नावाची गोळी दिली, अर्ध्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. तीन वर्षांत औषध नसलेल्यांतल्या शंभरातल्या १५ जणींचा नवा मणका दबला, औषध घेणाऱ्यांतल्या ८ जणींचा. जवळजवळ निम्मं.

ही गोळी आठवड्यातून एकदाच असते, पण घ्यायची पद्धत चुकली तर फायदा नाही आणि अन्ननलिकेला त्रास. सकाळी उठल्याबरोबर, अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. चहाबरोबर नाही. नंतर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही आणि आडवं व्हायचं नाही. ज्यांना ताठ बसताच येत नाही त्यांनी डॉक्टरांना ते आधी सांगावं. वर्षातून एकदा सलाइनमधून देतात ते झोलेड्रोनिक अॅसिड, त्याआधी मूत्रपिंडाची तपासणी लागते, आणि पहिल्या वेळी एक-दोन दिवस ताप, अंगदुखी येऊ शकते, घाबरायचं नाही. फार ठिसूळ हाडांना रोजच्या इंजेक्शनचं औषध असतं, महाग आहे. आणि एक इंजेक्शन आहे दर सहा महिन्यांनी घ्यायचं, डेनोसुमॅब. ते कुणाला सुरू असेल तर तारीख भिंतीवर लिहून ठेवा. सुगी चालू आहे, पैसे नाहीत, बरं वाटतंय, म्हणून ते मध्येच सोडलं तर काही महिन्यांत झीज उलटून जोरात येते आणि एका पाठोपाठ दोन-तीन मणके दबू शकतात. थांबवायचंच असेल तर डॉक्टर त्याच्या जागी दुसरं औषध देतात. कोणतं औषध कुणाला, हे डॉक्टरच ठरवणार. आपलं काम एवढंच, की विचारल्याशिवाय यायचं नाही: "माझा मणका दबलाय का? मग हाडांचं औषध कोणतं आणि किती वर्षं?" काहींना दबलेल्या मणक्यात सिमेंट भरतात. त्यानं काहींचं दुखणं कमी होतं, पण बाकीचे मणके मजबूत होत नाहीत. शेजारचा मणका त्यानंतरही दबू शकतो. म्हणजे औषध तेव्हाही लागतंच.

आता घरातलं. पहिली गोष्ट सासूला झोपवून ठेवणाऱ्या प्रेमळ सुनांसाठी. सुरुवातीचे काही दिवस, फार दुखतं तोवर, विश्रांती ठीक. पण महिनोन्‌महिने खाटेवर ठेवलं तर हाडं आणखी झिजतात, पाय लटपटतात, आणि उठल्यावर पहिल्याच आठवड्यात ती पडते. डॉक्टरांना विचारून लवकर उभं करायचं, घरातल्या घरात चालवायचं. उठताना सरळ उठून बसायचं नाही. आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, हातानं रेटत उठायचं. हे मी मावशींना करून दाखवलं तर म्हणाल्या, "तुला कुणी शिकवलं, तू तर लेकराएवढी."

दुसरी गोष्ट, वाकणं. पाठ गोल करून पुढं वाकायचं आणि त्यातच ओझं उचलायचं, वर कमरेत वळायचं. मणक्याला याच्याइतकं वाईट काही नाही. बॉक्स, पाण्याची कळशी, शेणाची पाटी, नातू, सगळं याच यादीत. नातवाला उचलायचं नाही, खाली बसून मांडीवर घ्यायचं. झाडायला लांब दांड्याचा झाडू. धुण्याची बादली अर्धीच भरायची, दोन खेपा झाल्या तर होऊ द्या. खोकला आणि शिंक आली तर पाठ सरळ ठेवून, भिंतीला किंवा ओट्याला हात टेकून. बद्धकोष्ठ अंगावर काढायचं नाही, कुंथण्याचा जोरही मणक्यावर येतो. एसटीत मागच्या सीटवर बसायचं नाही, कंडक्टरला सांगून पुढची जागा मागायची. मोटारसायकलवर मागं बसताना पोराला गतिरोधक दाखवत बसा.

व्यायामाबद्दल थोडं सावध राहा. योग दिनाला आपण सगळ्या मिळून पायाचे अंगठे धरतो, सूर्यनमस्कार घालतो. ज्यांची हाडं चांगली आहेत त्यांनी खुशाल घालावेत. पण ज्यांचा मणका दबलाय त्यांनी पुढं वाकायची आसनं करू नयेत. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधला १९८४ सालचा एक छोटा अभ्यास आहे, ५९ बायकांचा. ठिसूळ हाडं असलेल्या ज्या बायकांनी पुढं वाकण्याचे व्यायाम केले, त्यांच्यातल्या शंभरी ८९ जणींचे मणके पुढं आणखी दबले. ज्यांनी पाठ मागं ताणण्याचे व्यायाम केले, त्यांच्यात शंभरी १६. काहीच न करणाऱ्यांत ६७. अभ्यास लहान आहे, पण मला तरी हे आकडे विसरता येत नाहीत. भिंतीला पाठ, टाचा आणि डोकं टेकवून उभं राहणं, खांदे मागं ओढणं, खुर्चीवरून हात न टेकता उठणं, चालणं. सुरू करण्याआधी फिजिओथेरपीवाल्यांना एकदा दाखवा.

आणि पडायचं नाही. मोतीबिंदू पिकायची वाट बघू नका. रात्री परसाकडं जाताना दिवा लावा, लाईट बिल मोडलेल्या मणक्यापेक्षा स्वस्त आहे. न्हाणीघराच्या शेवाळलेल्या फरशीवर खरवडून घासा. झोपेच्या गोळ्या, बीपीच्या गोळ्या यांनी उठताना चक्कर येत असेल तर डॉक्टरांना सांगा.

मग ओळखायचं कसं? साडीवरून. खरंच सांगते. तीच साडी, तशीच नेसलेली, पण पूर्वी घोट्यापर्यंत यायची ती आता पायात येते. पोलकं मागून वर सरकतं आणि पुढून लोंबतं. पोट पुढं आलंय म्हणून वजन वाढलं असं वाटतं, पण वजन तेवढंच असतं, उंची कमी झालेली असते. तरुणपणच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर, म्हणजे दीड इंच कमी झाली असेल तर पाठीचा बाजूनं एक्स-रे काढून घ्यायचा. वाकताना, उचलताना, खोकताना अचानक पाठीत कळ आली, उभं राहिलं की वाढते, आडवं झालं की कमी होते, तर चमक म्हणून सोडायचं नाही. डेक्सा नावाची हाडांची तपासणी असते, ती झाली तर उत्तम. पण मोठा मार न लागता मणका दबलाय हे एक्स-रेत दिसलं, तर डेक्साची सोय होईपर्यंत औषधासाठी थांबून राहायचं कारण नाही, हे डॉक्टरांशी बोला.

पण दबलेला प्रत्येक मणका ठिसूळपणानंच दबतो असं नाही. मणक्याचा टीबी आपल्याकडं आहे, कर्करोगही मणक्यात उतरतो. संध्याकाळी ताप, वजन उतरणं, रात्री झोपल्यावरही न थांबणारं दुखणं असेल तर रक्त तपासण्या आणि पुढच्या तपासण्या झाल्याच पाहिजेत. पायात ताकद नाही, मुंग्या, लघवी-संडासवर ताबा नाही, असं झालं तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात. सांगली आणि मिरज, दोन्हीकडं सरकारी रुग्णालय आहे. कुपवाडपासून लांब नाही.

मावशींचं सांगायचं राहिलं. त्यांचं औषध सुरू झालं आहे. पुड्या डॉक्टरांनी हळूहळू उतरवत बंद केल्या. आता घरात काठी घेऊन चालतात. बेदाण्याच्या निवडणीला परत जायचं म्हणतात. बॉक्स उचलायचा नाही, टेबलावर बसूनच काम, असं मुकादमाशी बोलायला आम्ही दोघी जाणार आहोत. गटानं तीस रुपये दंड परत दिला. रजिस्टरवरचं लाल पेन मात्र खोडता येत नाही, तसंच राहू दिलं आहे.

पुढच्या बैठकीचं काम सांगते. पन्नाशीच्या वरच्या सगळ्या जणी, आणि ज्यांची पिशवी काढली आहे त्या सगळ्या, वय कितीही असो, येताना जुने एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड आणि चालू औषधांच्या पट्ट्या पिशवीत घालून आणा. पुड्या असतील तर त्याही. सचिवताईंनी हजेरीच्या रजिस्टरमध्ये उंचीचा एक रकाना आखून ठेवावा, दर सहा महिन्यांनी मापं घेऊ. आणि यापुढं कुणी सलग दोन बैठका आली नाही तर दंड लिहिण्याआधी घरी जाऊन यायचं, तसा ठराव मांडते आहे, त्यावर चर्चा करा. बैठका नेहमीच्याच तारखांना. मोजपट्टी मी आणते. डोकं भिंतीला टेकवावं लागतं, त्यामुळं त्या दिवशी अंबाडा थोडा वेळ सोडावा लागेल.